मागच्या सीटखालची बॅटरी

माझा भाऊ गाड्यांच्या विजेची कामं करायचा. आता घरी असतो, मी शिवलेल्या कव्हरांना नाड्या ओवतो. सगळे त्याला मिस्त्री म्हणतात. मी छोट्या म्हणते, कारण मी त्याची मोठी बहीण आहे आणि डोक्याला टक्कल पडलं म्हणून काही तो माझ्याहून मोठा होत नाही. मला नवरा राहिला नाही, त्याने बायको केली नाही. दोन खोल्यांत आम्ही दोघं. तेव्हा दिवसभरही एकाच गॅरेजमध्ये असायचो, तो कुठल्यातरी गाडीत डोकं घालून आणि मी कोपऱ्यात मशीनवर सीटकव्हरं शिवत. लोक विचारायचे, ताई, सकाळ-संध्याकाळ भावाचंच तोंड बघून कंटाळा नाही येत? येतो की. न यायला काय झालं.

गॅरेजमध्ये छोट्याचा जो काही मान होता तो त्याच्या नाकामुळे. गाडीचं दार उघडायचा, आत वाकून एक श्वास घ्यायचा आणि सांगायचा, स्टिअरिंगखाली वायर तापतेय. उघडून बघावं तर खरंच वायरवरचं रबर मऊ झालेलं. पेट्रोल कुठे झिरपतंय, ॲसिड कुठे सांडलंय, सगळं त्याला आधी वासानेच कळायचं. नवीन गिऱ्हाईक आलं की मालक मुद्दाम हाक मारायचे, मिस्त्री, जरा वास घ्या बरं. मग आमचे महाराज फडक्याला हात पुसत, सावकाश, मोठ्या डॉक्टरच्या थाटात यायचे. पहिल्यापासून स्वभावच तसा. नाकावर माशी बसू द्यायचा नाही.

ते नाक गेलं. कधी गेलं ते त्यालाही नीट सांगता येत नाही. गॅरेजच्या मागे बॅटऱ्या चार्जिंगला लावायची एक खोली आहे, तिला खिडकी नाही. चार्ज होताना बॅटरीतून जी वाफ येते ती घसा खरवडत खाली जाते. मला तिथे उभं राहवायचं नाही. हा शहाणा वर्षानुवर्षं तिथे बसून डबा खायचा, का तर तिथे कोणी बडबड करायला येत नाही. मी बोलून बोलून थकले. मग एक दिवस घरी मी दूध तापत ठेवून खाली दुकानात गेले, त्याला म्हटलं लक्ष ठेव. परत येते तो जिन्यातच जळका वास. शेजारीण दार उघडून उभी. आणि हा शेगडीकडे पाठ करून आरामात पेपर वाचतोय. पातेल्याचा पार कोळसा झाला होता.

मी तोंड सोडलं. तो एका शब्दाने उलट बोलला नाही. छोट्या उलट बोलत नाही म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं मला कळतं. मी त्याला डोळे मिटायला लावले आणि कपाटातली डांबरगोळी त्याच्या नाकाखाली धरली. मग माझ्या गुडघ्याला लावायचा बाम धरला. मग रॉकेलचा बोळा. तो तसाच डोळे मिटून म्हणाला, “धरलंस का काही?” मला आधी हसू आलं आणि मग रडू आलं.

“कोणाला बोलायचं नाही,” तो म्हणाला. “मालकांना कळलं तर उद्या घरी बसवतील.”

“मग आपणहून सांग. टायर बदल, हवा भर. नाक न लागणारी कामं आहेत की तिथे.”

“मिस्त्रीने हवा भरायची?”

मी कपाळावर हात मारला. त्यानंतर रोज जेवताना मी तोच विषय काढायचे आणि रोज तो ताटावरून उठायचा. डॉक्टरकडे नेलं, डॉक्टरने मान हलवली, औषधाची बाटली दिली, ती कपाटावर पडून राहिली. मी स्वतः जाऊन मालकांना सांगावं म्हटलं तर तो माझा पाठचा भाऊ. त्याची अब्रू मी कशी काढणार?

त्याने आपली एक युक्ती शोधून काढली. गिऱ्हाईक म्हणायचं, मिस्त्री, गाडीत वास येतोय. हा विचारायचा, “कसा येतोय ते तुम्ही आधी सांगा. प्रत्येकाचं नाक वेगळं पकडतं.” गिऱ्हाईक खूश. जळल्यासारखा म्हणालं की हा आत वाकून छाती भरून श्वास घ्यायचा, म्हणायचा, बरोबर, जळल्यासारखाच, आणि मग एकेक वायर हाताने चाचपत बसायचा. आंबूस म्हणालं तर बॅटरी बघायचा. कोणाला पत्ता नाही. उलट लोक म्हणायला लागले की मिस्त्रीचा स्वभाव आता किती निवळलाय, गिऱ्हाइकाचं ऐकून घेतो. मी मशीनवर बसून हे ऐकायचे आणि माझा जीव खालीवर व्हायचा.

छोट्याला मित्र म्हणून एकच माणूस होता, पायलट. पायलट म्हणजे एका मोठ्या साहेबांच्या मोठ्या गाडीचा ड्रायव्हर. पांढरा गणवेश, पांढरी टोपी, आणि गाडी अशी चालवायचा की मागे बसलेल्याच्या हातातला चहा हलू नये. म्हणून छोट्यानेच त्याला ते नाव ठेवलं होतं. शाळेपासूनचे दोघं. पायलट कधी दारूला शिवला नाही. त्याचे वडील दारूतच गेले, त्यामुळे गुत्त्यासमोरून जायचं झालं तरी तो रस्ता ओलांडून पलीकडून जायचा. ह्यावरून छोट्या त्याला चिडवायचा, तो मनावर घ्यायचा नाही.

साहेब बरेच महिने परदेशी होते आणि गाडी तळघरात उभी होती. ते परत यायचे ठरले आणि पायलट गाडी काढायला गेला, तर गाडी मेलेली. रिमोट दाबला, ढिम्म. दारसुद्धा उघडेना. तो घाबराघुबरा होऊन गॅरेजमध्ये आला. साहेबांच्या ऑफिसातली माणसं जरा काही झालं की ड्रायव्हर बदलतात. छोट्याने हत्यारांची पेटी उचलली. त्या गाडीच्या मागच्या सीटची शिवण उसवली होती म्हणून मीही माप घ्यायला बरोबर गेले.

असल्या गाड्यांत बॅटरी कुठे असते हे शोधणं म्हणजेच अर्धं काम. छोट्याने रिमोटच्या पोटातून एक चपटी लोखंडी किल्ली ओढून काढली. दाराच्या मुठीला एक टोपी होती, ती काढल्यावर खाली किल्लीचं भोक दिसलं. दार उघडलं. मग बॉनेट उघडलं, तर आत नुसती काळी प्लास्टिकची झाकणं, स्वयंपाकघरातल्या डब्यांसारखी ओळीने. एका लाल टोपीखाली वायर लावायची खुंटी होती. “ही बॅटरी?” मी विचारलं. “नाही,” छोट्या म्हणाला, “इथून फक्त बाहेरचा करंट देता येतो. फसवायला ठेवतात लेकाचे.” पायलट हसला. डिकीतला गालिचा उचलला, तिथे सुटं चाक. मग छोट्याने मागची सीट समोरच्या कडेला दोन्ही हातांनी धरली आणि वर हिसका दिला. खालच्या पकडी सुटल्या, सीट वर आली, आणि एका खड्ड्यात ती बॅटरी निवांत बसलेली. माणूस ज्यावर बसतो त्याच्या बरोबर खाली. मला ते काही बरं वाटलं नाही, आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

“म्हणून तर ही नळी असते ताई,” छोट्या म्हणाला. बॅटरीच्या अंगाला एक बारीक रबरी नळी खोचलेली होती. बॅटरीतून जो विषारी वायू निघतो तो ती नळी गाडीच्या तळातून बाहेर सोडते. त्याने जुनी बॅटरी काढली, नवी बसवली, नळी खोचली. हे मी डोळ्यांनी पाहिलं. मग दोघांनी मिळून सीट खाली दाबली. सीट बसेना, तेव्हा छोट्याने गुडघा टेकवून जोर दिला आणि ती खटकन बसली. गाडी सुरू झाली, सगळे दिवे लागले.

एक काम राहिलं होतं. नवी बॅटरी घातली की गाडीतल्या कॉम्प्युटरला तसं सांगावं लागतं. नाहीतर तो तिला जुनी, थकलेली समजून भरमसाट करंट पाजत राहतो. सांगायचं ते मशीन मालकांनी दुसऱ्या गॅरेजला वापरायला दिलं होतं. छोट्याने फोन केला तर मालक म्हणाले, “चालेल हो, मशीन आलं की बोलावू.” छोट्याला ते पटलं नाही. पण पायलटला गाडी हवी होती आणि मालक मालक होते.

नंतरचं मला छोट्याने तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, कारण त्या सकाळी मी फोम आणायला बाजारात गेले होते. साहेबांना आणायला पायलट विमानतळावर निघाला होता, लांबचा रस्ता, आणि वाटेत तो गॅरेजवर थांबला.

“गाडीत कसलातरी वास येतोय,” पायलट म्हणाला. “बघ जरा.”

“कसला?”

“ते तू सांग. तुझ्या नाकापुढे माझं नाक काय.”

“अरे, सांग तरी. जळका आहे का, आंबूस आहे?”

“नाही सांगणार,” पायलट म्हणाला आणि हसायला लागला. “तूच सांग. मी ताडून बघतो.”

मालक उभे होते. दोन गिऱ्हाइकं उभी होती. सगळे बघायला लागले, कारण मिस्त्री वास घेणार. एवढंच म्हणायचं होतं की बाबा, मला कळत नाही, सीट उचलून बघू. पण ते तोंडातून निघालं नाही. तो वाकला, छाती भरून श्वास घेतला, आणि म्हणाला, “काही नाही रे. नव्या रबराचा वास आहे. जाईल दोन दिवसांत.” पायलट म्हणाला, मग झालं, आणि गेला.

दुपारी बातमी आली. मोठ्या रस्त्यावर गाडी सरळ जाता जाता कडेला गेली आणि पुलाच्या खांबावर आदळली. बघणारे म्हणाले, ब्रेक लागलाच नाही. साहेब गाडीत नव्हते, तो एकटाच होता. वाचला. उजवा पाय मात्र गुडघ्याखाली कापावा लागला.

चेपलेली गाडी दुसऱ्या दिवशी ओढून आमच्याच गॅरेजमध्ये आणून टाकली. छोट्याने मागचं दार पहारीने उघडलं आणि मला मशीनवर बसल्या जागी वासाने उबळ आली. मी उठून त्याला ओढायला धावले. तो आत वाकून सीट काढत होता. सीट निघाली. बॅटरी फुगून डब्यासारखी गोल झाली होती आणि नळी बाजूला पडली होती. सीट गुडघ्याने दाबली तेव्हाच ती सुटली असणार. बिचारा कॉम्प्युटर करंट पाजत राहिला, बॅटरी उकळत राहिली, आणि वायू सगळा गाडीत.

“ताई,” छोट्या म्हणाला, “कसा वास येतोय?”

“सडक्या अंड्यांचा,” मी म्हटलं.

तो तिथेच फरशीवर बसला. त्याचा चेहरा मला बघवेना. मालक आले, त्यांनी आत पाहिलं, नाकाला रुमाल लावला आणि सीट परत जागेवर टाकली. म्हणाले, “नळी धडकेत निघाली. कोणी विचारलं तर हेच सांगायचं. तू काल सगळ्यांसमोर वास घेतलायस, मिस्त्री. तेव्हा काही नव्हतं.” मालकांना नाकाचं माहीत नव्हतं. पण बरोबर त्याच जागी त्यांनी बोट ठेवलं.

घरी आल्यावर मी म्हटलं, “उद्या दवाखान्यात जाऊन सगळं खरं सांगायचं.”

“पाय परत येणार आहे का त्याचा?”

“पाय नाही येणार. पण साहेबांच्या ऑफिसातले लोक म्हणतायत तो पिऊन चालवत होता. पायलट पिऊन! त्याची नोकरी घालवतील, दवाखान्याच्या खर्चाला फुटकी कवडी देणार नाहीत, आणि वर बेवड्याचा मुलगा बेवडा म्हणून नाव लावतील. तुला झोप कशी लागेल रे?”

“माझी नोकरी जाईल.”

“जाऊ दे. मी शिवेन.”

त्याने भिंतीकडे तोंड केलं. मला त्याचा इतका राग आला होता की हातातली कात्री मी मुद्दाम लांब ठेवली. पण खरं सांगते, दयाही आली. आमच्या आईच्या मागे मीच त्याला वाढवलाय.

सकाळी तो आपणहून तयार होऊन बसला होता. धुतलेला शर्ट घातला होता. बस धरून आम्ही दवाखाना गाठला.

वॉर्डात पायलटच्या खाटेजवळ त्याची बायको उभी होती, आणि खुर्चीवर साहेबांच्या ऑफिसातला एक माणूस बसला होता. गोड बोलणारा. रक्तात दारू सापडली नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यामुळे त्याने आता दारू सोडून झोपेचा मुद्दा धरला होता. आदल्या रात्री झोप नीट झाली होती का, घरी काही कटकट, असं विचारत होता. पायलटचा चेहरा पांढराफटक पडला होता. पांघरूण एका बाजूला सपाट होतं. मी तिकडे बघायचं टाळलं.

पायलटच्या बायकोने छोट्याचा हातच धरला. “भाऊजी, बरं झालं आलात. ह्यांना काही आठवत नाहीये. डोकं दुखत होतं, डोळे चुरचुरत होते, एवढंच म्हणतात. गाडीत वास येत होता असं त्या सकाळी मला म्हणाले होते. तुम्हीच सांगा ह्या साहेबांना.”

ऑफिसातला माणूस छोट्याकडे वळला. “नळी,” छोट्या म्हणाला, “ती धडकेत...” आणि थांबला. मी त्याच्या पाठीत कोपर मारलं. लाज सोडून मारलं.

तेवढ्यात पायलटच बोलला. आवाज अगदी बारीक. “नाही, वास नव्हता. ही उगाच बोलतेय. मिस्त्रीने स्वतः गाडीत वाकून बघितलं. त्याला आला नाही म्हणजे नव्हताच. मला भास झाला असेल.” मग त्या माणसाकडे बघून म्हणाला, “झोपच लागली असेल मला. लिहा तसं.”

आपल्याच तोंडाने स्वतःचं वाटोळं करत होता, आणि ते छोट्यावरच्या विश्वासाने. ती बाई रडायला लागली. ऑफिसातल्या माणसाने सुटकेने मान हलवली.

“थांबा,” छोट्या म्हणाला. “मला वास येतच नाही.”

कोणाला काही कळलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं. “माझं नाक केव्हाच गेलंय. ताईला विचारा. त्या दिवशी मी नुसता वाकलो. लोक बघत होते म्हणून वाकलो. नळी माझ्या हातून सीट दाबताना सुटली, मशीन लावायचं राहिलं होतं, आणि गाडी वायूने भरली होती. तो झोपला नव्हता. त्याला भोवळ आली.”

ऑफिसातल्या माणसाने दोनदा, तीनदा फिरवून फिरवून विचारलं. छोट्याने प्रत्येक वेळी तेच सांगितलं, मालकांनी काय शिकवलं तेसुद्धा. मग तो माणूस फोन करायला बाहेर गेला. जाताना पायलटला म्हणाला, तुमच्यावर काही येणार नाही असं दिसतंय. पायलटच्या बायकोने छोट्याचा हात केव्हाच सोडला होता. ती खाटेच्या पलीकडे जाऊन उभी राहिली.

छोट्या खाटेच्या लोखंडी दांडीला धरून उभा होता. मला वाटलं, झालं, सुटला. निदान खरं बोलला, नाव वाचवलं मित्राचं. आता पायलट त्याला शिव्या घालेल, मग दोघं रडतील, आणि कसंतरी सावरेल. माणूस काय काय मनात आणतो.

पायलट छताकडे बघत पडला होता.

“मला येत होता,” तो म्हणाला. “चांगला येत होता. घरापासून तुझ्या गॅरेजपर्यंत मी चारी काचा खाली करून आलो. तू काही नाही म्हणालास, म्हणून मी वर केल्या.”